करिता

सहा वर्षं झाली, सहीच्या आधी
मी एक शब्द लिहिते, बारीक, तिरका:
करिता.
त्याखाली शिक्का, मुख्याध्यापक,
आणि शिक्क्याच्या कडेला जागा उरेल तिथे
व. ग. भोयर.

देवतळे सर निवृत्त झाले त्या जूनमध्ये
खुर्ची राहिली, तिच्या पाठीवरचा टॉवेलही.
मी तो दोनदा धुतला
आणि पुन्हा तिथेच टाकला.
बाजूच्या स्टुलावर बसून तांदळाचे कट्टे मोजले,
दाखल्यांवर जन्मतारखा अक्षरी लिहिल्या,
दिवाळीनंतर वेचणीला गेलेली पोरं
पऱ्हाटीतून हाताला धरून आणली.
याला प्रभार म्हणतात.

पंचायत समितीतली सभा दोनची, भरते चारला.
माझी शेवटची एसटी साडेपाचला.
त्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही;
बायकांच्या संडासाची किल्ली शिपायाजवळ
आणि शिपाई नेहमी बँकेत.
खरी सभा एसटी सुटल्यावर भरते,
टपरीवर, खर्रा घोटता घोटता.
सकाळी मोबाइलवर तिचा निरोप येतो:
सर्वांनुमते ठरले.

शाळा समितीच्या अध्यक्ष रत्नकलाबाई नेवारे.
त्यांच्या खुर्चीत नेवारेभाऊ.
'थे वावरात गेली. मी हाओ नं!'
रजिस्टर संध्याकाळी त्यांच्या घरी जातं,
चुलीजवळ सही होऊन येतं.
कधी पानाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट असतं.
तेवढीच त्यांची हजेरी.

बढतीच्या यादीत माझं नाव दोनदा आलं.
दोन्ही वेळा बाबूंनी ड्रॉवरमधून
नकाराचा छापील अर्ज काढून दिला:
'मी, खाली सही करणारी,
कौटुंबिक अडचणीमुळे...'
करणारी. छापतानाच करणारी.
'करणारा' असा कागद आहे का, मी विचारलं.
बाबू हसले. 'मागतच नाही कोणी.'

पहिल्या वेळी लेक दहावीला होती.
दुसऱ्या वेळी सासूबाईंचा खुबा मोडला.
खोटं नव्हतं त्यात काही.
त्याच थंडीत राऊत सरांच्या आईचाही मोडला होता.
सर रुजू झाले. पेढे वाटले.
मीही खाल्ला एक.

यंदा तिसऱ्यांदा.
शाळा टिपेश्वरच्या जंगलापलीकडे.
केंद्रप्रमुखांचा फोन:
'कायले लचांड मागं लावून घेता, बाई?
तिकडं वाघ हाय.'
नवरा वाईट नाही माझा.
'सकाळी आईचं कोण करंल?' एवढं म्हणाला,
मग उगाच उठून सायकलीत हवा भरत बसला,
जी कोणी चालवत नाही.
वाघ आधीच्या मुख्याध्यापकाच्या वेळीही होता.
तेव्हा कोणी त्याचं नाव काढलं नाही.

परवा चौथीतली सुकेशनी टेबलाशी उभी राहून
दाखला मोठ्यानं वाचत होती.
'बाई, करिता म्हंजे?'
दुसऱ्याच्या वतीनं, मी म्हटलं.
'मंग थो दुसरा कुठी हाय?'
तिनं खरंच शोधलं:
दाराआड, कपाटामागं,
टॉवेलाकडं जरा जास्त वेळ पाहिलं.
मी तिला पाणी प्यायला पाठवलं.

अर्ज पर्समध्ये आहे. मुदत उद्यापर्यंत.
सही केलेली नाही.
त्याच्या पाठीवर कंडक्टरकडून विचारून
वेळा उतरवल्या आहेत:
जाणारी सहा पन्नास,
येणारी चार दहा, त्यानंतर काही नाही.
शाळा सुटते पाचला.
खाली पेन्सिलीनं, माझ्याच अक्षरात:
गावात खोली मिळते का, विचारणे.